गोलकीपरचा हिरवा शर्ट

वामनराव झाडे सकाळी फिरायला निघाले, की वाटेत भेटेल त्याला मनातल्या मनात नापास करत जात. पोट सुटलेले तरुण नापास. कानात वायरी खुपसून पळणाऱ्या पोरी नापास. बाकावर बसून सामूहिक हसण्याचा व्यायाम करणारे म्हातारे तर सपशेल नापास. बहात्तराव्या वर्षीही त्यांची पाठ ताठ होती, बत्तीसपैकी एकोणतीस दात शाबूत होते, आणि पास होण्याजोगा माणूस आपल्याला शेवटचा कधी भेटला हे त्यांना आठवत नव्हतं. आरशातला सोडून.

त्यामुळे त्यांच्या जुन्या कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या कामिनी मॅडम घरी आल्या, तेव्हा त्याही दारातच नापास झाल्या. खेळाची मास्तरीण आणि एक जिना चढून धाप लागते, म्हणजे कॉलेजचं काय झालं असेल ते दिसलंच. पण बाईंनी आणलेली बातमी ऐकून वामनरावांनी कामवाल्या बाईला चहा सांगितला, साखरेचा.

कॉलेजच्या फुटबॉल टीमने विद्यापीठाची ट्रॉफी पहिल्यांदा जिंकली, त्याला पन्नास वर्षं झाली होती. मैदानावर नवी गॅलरी बांधून तयार होती आणि तिला त्या टीमच्या कप्तानाचं, म्हणजे वामनरावांचं, नाव द्यायचं संस्थेच्या मनात होतं. आता कोणी भोळा म्हणेल की ट्रॉफी जिंकली म्हणून. ट्रॉफीला काळं कुत्रं विचारत नव्हतं. संस्थेचे सचिव भैय्याजी यांना कॉलेजची दर्जा-तपासणी करायला येणाऱ्या समितीपुढे ठेवायला काहीतरी सामाजिक हवं होतं, आणि जुनी रजिस्टरं चाळताना कोणाच्या तरी लक्षात आलं, की त्याच वर्षी कॉलेजच्या टीममध्ये पहिल्यांदा बौद्ध वस्तीतला मुलगा खेळला. नत्थू रामटेके, गोलकीपर. त्याआधी पंचवीस वर्षं त्या वस्तीतली मुलं कॉलेजात शिकत होती, मैदानावर मात्र दोरीच्या बाहेर उभं राहून टाळ्या वाजवत होती. त्या टाळ्यांबद्दल रजिस्टरात अर्थातच काही नव्हतं.

म्हणून स्मरणिकेत ‘मैदानावरची समता’ असं प्रकरण, गॅलरीवर ‘समतेचा कर्णधार’ अशी पाटी, आणि मंचावर गोलकीपर आणि कप्तान शेजारी शेजारी, असा बेत होता. बेतात एकच खोट होती. नत्थूजी यायला तयार नव्हते. मॅडमनी दोनदा फोन केला. पहिल्या वेळी त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं, दुसऱ्या वेळी कारणही सांगितलं नाही. आणि भैय्याजींचं म्हणणं साफ होतं, गोलकीपर मंचावर नसेल तर पाटी लागणार नाही.

वामनरावांना ती पाटी हवी होती. इतकी हवी होती की त्यांची त्यांनाच थोडी लाज वाटली. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या हारतुऱ्यांना नाकं मुरडली होती, पण ते हार दुसऱ्यांच्या गळ्यात होते. दोन्ही मुलं बाहेरगावी, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, आणि आपल्या मागे आपलं नाव घेणारं नागपुरात कोणी उरणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. गॅलरी पन्नास वर्षं तरी उभी राहिली असती. ते म्हणाले, नत्थूला मी आणतो, तो माझ्या शब्दाबाहेर नाही.

चार दिवसांनी ते नंदनवन भागात नत्थूजींच्या घरी गेले. त्यांच्या डोक्यात दोन खोल्यांचं घर होतं, पत्र्याचं छप्पर होतं, आणि आपण वाकून आत शिरतो आहोत असं चित्र होतं. प्रत्यक्षात दुमजली घर निघालं, खाली गाडी उभी, जिन्याला ग्रॅनाइट. वाकायची सोयच नव्हती. वामनरावांना याचा राग आला, आणि दिवाणखान्यातली प्लॅस्टिकची फुलं दिसेपर्यंत तो गेला नाही. फुलांना नापास करून ते सोफ्यावर बसले.

नत्थूजींची सून अंजू पाणी घेऊन आली. वामनरावांनी पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. पन्नास वर्षांपूर्वी या घरचं पाणी प्यायला त्यांना धाडस लागलं असतं. आता नुसती तहान पुरली होती, तरी पेला खाली ठेवताना त्यांनी नत्थूजींकडे पाहिलंच, प्यालो बरं का, अशा नजरेने. नत्थूजी चष्म्याची काच पुसत होते. त्यांचं लक्षही नव्हतं.

“नत्थू, काहून येत नाही गा तू? त्या मॅडमनं दोनदा फोन केला म्हणे.”

नत्थूजींनी चष्मा घातला. मॅडमनी पाठवलेला स्मरणिकेचा मजकूर त्यांनी वाचला होता. त्यात होतं, की कप्तानाने या मुलाचे चपळ हात हेरले आणि जातीपातीची पर्वा न करता त्याला गोलमध्ये उभं केलं. वामनरावांनीही तो वाचला होता. त्यांनीच तर तो मॅडमना चहा पिता पिता सांगितला होता.

“मी गोलकीपर नव्हतो, वामनराव,” नत्थूजी म्हणाले.

वामनराव हसले. टीमच्या फोटोत हिरव्या शर्टात, मांडीवर बॉल घेऊन, मधोमध तूच बसला आहेस असं ते म्हणाले. पण ते हसणं फार टिकलं नाही, कारण नत्थूजी म्हणत होते ते खरं होतं आणि त्या टीममधल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. वस्तीमागच्या मैदानावर नत्थू डाव्या बाजूने बॉल घेऊन निघाला, की रस्त्यावरचे लोक सायकली थांबवून पाहत. लेफ्ट विंगर होता तो, जन्माचा. कॉलेजात आला तेव्हा त्याला टीममध्ये न घेणं म्हणजे मूर्खपणा ठरला असता. आणि घ्यावं तर एक भानगड होती. ती भानगड होती कपड्यांची.

कॉलेजचे लाल शर्ट मोजून बारा. मॅच संपली की सगळे घामेजलेले शर्ट एका लोखंडी पेटीत जायचे, पेटी धोब्याकडे जायची, आणि पुढच्या मॅचला ज्याच्या हाताला जो लागेल तो त्याने अंगात घालायचा. आज जितेंद्रच्या अंगातला शर्ट उद्या महादेवच्या अंगात. वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं. आता नत्थू पेटीत हात घालणार म्हटल्यावर या शूर वीरांना घाम फुटला. एरवी एकमेकांचा उष्टा सोडा पिणारे, एकमेकांची पत्रं वाचणारे, आंघोळीला आठवड्यातून दोनदा सुट्टी देणारे हे लोक. त्यांना नत्थूच्या घामाचा विटाळ होणार होता. जितेंद्र, महादेव धरून पाच-सहा जणांनी सांगून टाकलं, त्याच्या अंगातला शर्ट आम्ही घालणार नाही. कोणी घरच्यांचं नाव पुढे केलं, कोणी चक्क खरूज पुढे केली.

तेव्हा कप्तान वामन झाडे यांना युक्ती सुचली. गोलकीपरचा शर्ट हिरवा असतो, तो एकटाच घालतो, तो पेटीत जात नाही. नत्थूला गोलमध्ये उभा केला की प्रश्न मिटला. त्याचा शर्ट त्याने घरी न्यावा, घरी धुवावा. ही युक्ती म्हणजे आपल्या आयुष्यातलं सर्वांत हुशारीचं आणि उदार काम, असं वामनरावांचं प्रामाणिक मत होतं.

“मी नसतो तर तुले टीममध्येच घेतलं नसतं कोणी,” ते म्हणाले.

“हाव, ते खरं आहे.”

इतक्या सहज कबुली मिळेल असं वामनरावांना वाटलं नव्हतं. नत्थूजीच बोलत राहिले. कॉलेज सुटल्यावर ते रेल्वेत फिटर म्हणून लागले, तिथल्या टीमकडून चौदा वर्षं खेळले, चौदाही वर्षं लेफ्ट विंगला. त्यांची नात मिनल आता शाळेच्या टीममध्ये त्याच जागेवर खेळत होती. तिने मॅडमचा मजकूर वाचून विचारलं होतं, आजोबा, तुम्ही तर म्हणता तुम्ही विंगर होता, मग पुस्तकात गोलकीपर काहून? पोरीला वाटलं, म्हातारा इतकी वर्षं थापा मारत होता.

“मले एक ओळ पाहिजे. नत्थू रामटेके, लेफ्ट विंगर. अन् त्याले गोलकीपर काहून केलं ते. तुम्ही मंचावरून सांगा, मी येतो. पण झालं तेवढं सगळं सांगा. शाल नाही देल्ली तरी चालते.”

परतीच्या रिक्षात वामनरावांनी हिशेब मांडला आणि तो त्यांच्याच बाजूने निघाला. खरं सांगितलं तर बदनाम कोण होणार? जितेंद्र आणि कंपनी. पाच-सहा सोवळी माकडं एका बाजूला आणि त्यांच्यातून वाट काढणारा एकटा कप्तान दुसऱ्या बाजूला. चपळ हातांच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट कितीतरी भारी होती. आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

कामिनी मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. स्मरणिका समारंभानंतरच छपाईला जाणार होती. मंचावर दोघं जे सांगतील ते मी जसंच्या तसं छापते, त्यात काना-मात्रा बदलणार नाही, असा शब्द त्यांनी दिला. भैय्याजी आधी दचकले, कॉलेजची अब्रू जाईल म्हणाले. मग पाच मिनिटांनी त्यांचा चेहरा उजळला. समितीच्या अर्जात संस्थेने केलेल्या आत्मपरीक्षणाचाही एक रकाना होता आणि तो अजून रिकामा होता. पन्नास वर्षांपूर्वीचं पाप इतकं कामाला येईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

वामनरावांनी जितेंद्र धोटेलाही फोन केला. जितेंद्र त्या टीमचा राइट बॅक, बँकेतून निवृत्त झालेला, जन्मभर कोणाच्या अध्यात ना मध्यात. आपण नाव घेणार म्हटल्यावर तो रडेल, गयावया करेल, आणि मग आपण मोठ्या मनाने विचार करू म्हणून सांगू, अशी वामनरावांची तयारी होती.

“घे गा नाव,” जितेंद्र म्हणाला. “मी नव्हतो घालत त्याचा शर्ट. आहे ते आहे. मी समोरच बसतो.”

वामनरावांची सगळी मजा गेली. त्यांनी जितेंद्रला पुन्हा एकदा नापास केलं, पण या वेळी कशात ते त्यांना ठरवता आलं नाही.

समारंभ रविवारी सकाळी अकराला होता, म्हणजे बाराला सुरू झाला. मैदानावर मांडव घातला होता. नव्या गॅलरीवरची पाटी पिवळ्या कापडाने झाकली होती. प्रमुख पाहुण्यांनी फुटबॉल हा सांघिक खेळ असल्याचा शोध जाहीर केला. भैय्याजींनी समता हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की शेवटी शेवटी तो एखाद्या साबणाचं नाव वाटू लागला. मुलामुलींना वर्गावर्गातून आणून बसवलं होतं आणि ती मोबाइलमध्ये डोकं घालून आपापलं कर्तव्य करत होती. दुसऱ्या रांगेत नत्थूजींचं कुटुंब होतं, अंजूच्या शेजारी चौदा-पंधरा वर्षांची मिनल. पहिल्या रांगेत जितेंद्र, मांडीवर हात ठेवून.

वामनराव उभे राहिले. पेटीची गोष्ट त्यांनी फार रंगवून सांगितली. शर्ट, घाम, खरूज, सगळं आलं. महादेव वारला होता म्हणून त्याला त्यांनी जरा सवलतीत सोडलं, बाकीच्यांची सालटी काढली. जितेंद्रचं नाव घेताना बोट दाखवलं. मुलांनी मोबाइलमधून डोकी वर काढली, कारण आता खरंच काहीतरी चाललं होतं. नत्थू मुळात लेफ्ट विंगर होता, असं त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. त्याला गोलमध्ये का जावं लागलं, तेही सांगितलं. अशा लोकांना घेऊन मला ट्रॉफी जिंकायची होती, म्हणून मी ही तोड काढली, नाहीतर हा हिरा दोरीबाहेरच राहिला असता, असं म्हणून त्यांनी थोडं थांबून श्वास घेतला. टाळ्या पडल्या, चांगल्या दणकून पडल्या. भैय्याजींनी पिवळ्या कापडाच्या दोरीजवळ माणूस उभा करायला सांगितलं.

मग नत्थूजींना माइकपाशी नेलं. गुडघ्यामुळे दोन पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागला. त्यांनी कागद आणला नव्हता.

“कप्तान बोलले ते खरं आहे,” ते म्हणाले. “पेटीतला शर्ट मले मिळत नव्हता. पण त्याईच्या सांगण्यात एक राहून गेलं. माही माय गोदूबाई मिलमध्ये कामाले होती. तिनं फेंटचं, म्हणजे मिलमधल्या उरल्यासुरल्या तुकड्याचं, लाल कापड आणलं अन् मले शर्ट शिवून देल्ला. हुबेहूब टीमसारखा. पेटीत टाकायचा नाही, घरीच धुवायचा, म्हणजे कोणाले विटाळ नाही. तो घेऊन मी तुमच्याकडे आलो होतो, वामनराव. तुम्ही काय म्हणाले, ते सांगा.”

वामनरावांना तो शर्ट आठवत होता. विसरायचा त्यांनी प्रयत्नही केला नव्हता, फक्त त्या आठवणीकडे कधी वळून पाहिलं नव्हतं. गळ्यापाशी दुहेरी शिलाई होती आणि रंग टीमच्या शर्टांपेक्षा थोडा जास्तच चांगला होता. त्यांनी तो हातात घेतला होता, उलटासुलटा करून पाहिला होता, आणि छान आहे, पण तू हिरवाच घाल, असं म्हणून परत दिला होता. ते सतरंजीकडे पाहत राहिले.

“हिरवाच घाल, म्हणले,” नत्थूजींनीच सांगितलं. “म्हणजे शर्टाची भानगड माह्या मायनं मिटवली होती. तरी मी गोलमध्येच. काहून? त्या वर्षी टीममध्ये लेफ्ट विंगले कोण खेळलं?”

हा प्रश्न त्यांनी वामनरावांना विचारला नव्हता. ते पहिल्या रांगेकडे पाहत होते.

“वामन,” जितेंद्र जागेवरूनच म्हणाला. “दुसरं कोण?”

कोणीतरी खाकरलं. भैय्याजी खुर्चीत पुढे सरकले आणि परत मागे टेकले. वामनरावांनी मान वर केली. या घडीला काय करायचं असतं ते त्यांच्या ध्यानात येऊ लागलं होतं. डोळे ओले करायचे, हात जोडायचे, त्या काळात आम्ही सगळेच आंधळे होतो म्हणायचं. असं म्हणणाऱ्यांना लोक पदरात घेतात हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. कदाचित पाटीही वाचली असती. ते खुर्चीतून अर्धे उठलेही.

“बसा, बसा,” नत्थूजी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग असा काही नव्हता. “माफी नका मागू. मी त्याच्यासाठी नाही आलो. मी पूर्ण सीझन गोलमध्ये उभं राहून तुमचा खेळ पाहून राहिलो होतो. मागून सगळं दिसते. जातीचं राहू द्या बाजूले. तुम्हाले डावा पायच नव्हता, वामनराव.”

आधी जितेंद्रला हसू फुटलं. तो बिचारा तोंडावर रुमाल धरून ते दाबायला गेला आणि जास्तच फसला. मग त्याच्या शेजारचे दोन म्हातारे, जे त्या टीममध्ये होते आणि ज्यांनी डाव्या बाजूने आलेले ते सगळे फुसके पास स्वतः पाहिले होते, गदगदा हलू लागले. मग मुलं हसली. मिनल सगळ्यांत शेवटी हसली, आजोबांकडे पाहत. मंचाच्या कडेला कामिनी मॅडम खाली मान घालून भराभर लिहीत होत्या. नत्थूजींनी त्यांना विचारलं, लिहिलं का, आणि त्यांनी मान न उचलताच हो म्हटलं. मग ते दोन पायऱ्या उतरून, शाल न घेताच, आपल्या माणसांत जाऊन बसले.

वामनराव मंचावर बसून राहिले. जात पाळली म्हणून कोणी बोललं असतं, तर त्यासाठीचा चेहरा त्यांनी तयार करून ठेवला होता. त्याची लाज वाटून घेता येते, ती चारचौघांत दाखवता येते, तिला टाळ्याही पडतात. पण डावा पाय नसल्याची माफी कोणाकडे मागतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. समोर सबंध मांडव हसत होता आणि त्यात नापास करायला एकही माणूस त्यांना सापडेना. नत्थू म्हणाला त्यात नवीन काहीच नव्हतं. वस्तीमागच्या मैदानावर त्याला डाव्या बाजूने बॉल घेऊन निघताना पाहिलं, त्या संध्याकाळीच ते त्यांना कळलं होतं.